वखारीतली पांढरी भुकटी

गेल्या महिन्यात माझी नात सानिका फोनवर कुरकुरत होती. सुट्टीपुरती तिने पोहण्याच्या तलावावर नोकरी धरली आहे. पाण्यात टाकायच्या औषधांना हात लावू देण्याआधी तिला दोन दिवस वर्गात बसवले, चित्रफीत दाखवली, प्रश्न विचारले, आणि एक उत्तर चुकले म्हणून तो भाग पुन्हा ऐकायला लावला. "दोन महिन्यांच्या नोकरीला एवढे कशाला गं आजी?" ती म्हणाली. मी तिला जेवलीस का विचारले आणि फोन ठेवला.

तिचे उत्तर फोनवर मावणारे नव्हते.  आता आमच्या गावच्या दिवाळी अंकाने नोकरीच्या आठवणी मागितल्या आहेत, तर ते उत्तर इथेच लिहिते. कुठल्या साली लागले, कधी पगार वाढला, हे सगळे माझ्या वहीत नीट आहे. ज्याला हवे त्याने पाहावे. इथे एकच पावसाळा सांगते. सानिका आणि मिहीर, तुम्ही दोघे नातवंडे मराठी सावकाश वाचता हे मला माहीत आहे. सावकाशच वाचा.

माझे शिक्षण बेळगावात झाले, शाळेपासून कॉलेजपर्यंत इंग्रजीतून. लग्नानंतर निपाणीला आले, कारण तुमचे आजोबा तिथल्या हायस्कुलात गणित शिकवत. निपाणी म्हणजे तंबाखू. तंबाखूच्या एका व्यापाऱ्याला परदेशी पत्रे लिहायला माणूस हवे होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी माझ्याकडून एक पत्र लिहून घेतले, स्वतःला इंग्रजी येत नसताना बराच वेळ ते न्याहाळले आणि म्हणाले, "ओळी सरळ हायत. उद्यापासनं या."

अण्णांच्या तीन वखारी होत्या. वखार म्हणजे तंबाखूचे गोदाम, उंच भिंतींचे आणि जवळजवळ बिनखिडक्यांचे. आत बोदांच्या थप्प्या. बोद म्हणजे तंबाखू ठासून भरलेले गोणपाटाचे भलेमोठे पोते. पावसाळ्यात हवा दमट झाली की तंबाखूला किडा लागतो. तांदळाच्या दाण्याएवढा, तपकिरी, पान चाळणीसारखे करून टाकणारा. एकदा एका परदेशी गिऱ्हाइकाने असा एक मेलेला किडा कागदाला चिकटवून टपालाने परत पाठवला. खाली टाइप केले होते की, हा माल आम्ही मागवला नव्हता. मी मजकूर वाचून दाखवला तेव्हा अण्णा हसले नाहीत. त्यानंतर आमच्याकडे गोळ्या आल्या.

त्या गोळ्या करड्या रंगाच्या, पेपरमिंटएवढ्या, अॅल्युमिनियमच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत येत. बाहेर काढून ठेवल्या की हवेतल्या ओलीने त्यांच्यातून हळूहळू विषारी वायू सुटतो. लसणासारखा वास येतो, कधी येतही नाही. थप्पीवर ताडपत्री टाकायची, कडांवर वाळूच्या पिशव्या दाबायच्या, आत गोळ्या ठेवायच्या आणि पाच दिवस तिकडे फिरकायचे नाही. मग ताडपत्री काढून एक दिवस वारा खेळू द्यायचा. गोळीच्या जागी तेव्हा उरते पांढुरकी भुकटी. ती विझलेली दिसते, पण पुरती विझलेली असतेच असे नाही. ती गोळा करून बाहेर अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, साबणाच्या पाण्यात थोडी थोडी सोडायची आणि खड्ड्यात पुरायची.

गोळ्या ठेवणाऱ्या बायका कायमच्या होत्या, चौघी. ताडपत्र्या ओढणाऱ्या, झाडणाऱ्या, भुकटी गोळा करणाऱ्या पावसाळ्यापुरत्या, बावीस. गोळ्यांबरोबर आलेले माहितीपत्रक इंग्रजीत होते. अण्णांनी ते माझ्यापुढे ठेवले.

"बाई, ह्यात काय लिवलंय ते बायकांस्नी सांगा. आणि सांगितल्याचा कागद ठेवा. इन्स्पेक्टर मागतोय."

अशी मी शिकवणारी झाले. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. दर पावसाळ्याच्या तोंडाशी अंगणात बायकांना बसवून मी एकेक गोष्ट सांगत असे आणि वदवून घेत असे. ओल्या हाताने गोळीला शिवायचे नाही. बाटली उघडताना हाक येईल, तेव्हा हातातले टाकून बाहेर पडायचे. छातीत दाटले, मळमळले तर लपवायचे नाही.

"बाई, ही तर पेपरमिंट दिसतीया," एक जण म्हणायचीच.

"खाऊन बघ की. नवरा दुसरी आणंल," दुसरी म्हणायची, आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यातली सगळ्यात मोठ्याने हसणारी पारू. तिशीची, धिप्पाड, उत्तरे सगळ्यांच्या आधी देणारी.

भुकटीचे मी सगळ्यात शेवटी सांगत असे, कारण तेच माझ्या मनात सगळ्यात जास्त होते. ती भुकटी हुबेहूब चुलीतल्या चाळलेल्या राखेसारखी दिसे. तेव्हा सगळ्या घरांत भांडी राखेनेच घासत. "ही राख आहे का?" मी विचारत असे. "न्हाय!" "घरी न्यायची का?" "न्हाय!" "भांड्याला लावायची का?" "न्हाय, न्हाय, न्हाय!" पारूचा आवाज रस्त्यापर्यंत जाई.

मग रजिस्टर. लाल शाईने आखलेली पाने, नाव, गल्ली, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात अंगठा. एकही रकाना रिकामा नाही, एकही अंगठा फिसकटलेला नाही. परदेशी पाहुणे आले की अण्णा तंबाखूआधी माझे रजिस्टर दाखवत.

हे तीन वर्षे चालले. चौथ्या वर्षी, सत्तरचे दशक संपत आले असताना, श्रावणाच्या आधी एका सकाळी गंगाक्का माझ्या टेबलापाशी आली. गंगाक्का म्हणजे आमची मुकादमीण. दारात उभी राहून बायका आत घ्यायची, काम वाटून द्यायची, आणि ती सांगेल तशी हजेरी मी टेबलावर लिहायची.

"बाई, पारू आज न्हाय यायची," ती म्हणाली. "घरात उलट्या लागल्यात म्हणं. सरकारी दवाखान्यात नेलंय."

आदल्या दिवशी दोन नंबरच्या वखारीत भुकटी झाडली होती. मी हजेरी पाहिली. पारू हजर.  पारूला काय झाले असेल? सगळे तर तिला पाठ होते. छत्री घेतली आणि निघाले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पारू उभी होती. धडधाकट. मला इतके हायसे वाटले की मी हसलेच.

"अगं, मला वाटले तूच! कोण आजारी आहे?"

"सखू. माझी धाकटी जाऊ." पारू हसली नाही.

खाटेवर एक विशीची मुलगी कुशीवर पडली होती. ओठ काळसर, कपाळावर घाम, श्वास अर्धवट. मी तिला जन्मात पाहिले नव्हते. नर्सने सांगितले, शिळे खाल्ले असे घरचे म्हणतात. पहाटेपासून उलट्या, आता छातीत दुखते म्हणते. मी दोन शब्द बोलून परत फिरणार होते. तेवढ्यात तिचा हात दिसला.

तंबाखू हाताळणाऱ्या बाईची बोटे ओळखू येतात. पानाचा काळा चिकट थर बोटांवर बसतो, साबणाने जात नाही, चार दिवस राहतो. सखूच्या दहाही बोटांवर तो ताजा होता. मी पारूच्या हातांकडे पाहिले. तिच्या नखांत तांबडी माती होती आणि बोटे पाल्याने हिरवी झाली होती.

"पारू," मी विचारले, "काल वखारीत कोण होते?"

तिने नखांतली माती पदराला पुसली. मग म्हणाली, "मी भांगलायला गेलतो, बाई. भुईमुगात." (भांगलणे म्हणजे शेतातले तण काढणे. आणि मिहीर, आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी असेच बोलतात, आलो, गेलो. ती चूक नव्हे.) "पैरा फेडायचा हुता. म्हून हिला धाडली."

पैरा म्हणजे कामाची उसनवारी. आज तुझ्या शेतात आमच्या घरची एक बाई येईल, उद्या आमच्या शेतात तुझ्या घरची एक येईल. कोणती, हे कोणी विचारत नाही. सासू येवो, सून येवो, लेक येवो. घरचे एक माणूस आले म्हणजे झाले. पिढ्यान्पिढ्या शेते अशीच भांगलली गेली. त्या बायकांनी वखारही तशीच धरली होती. नाव घराचे. ज्या दिवशी जी मोकळी, ती त्या नावावर जाणार. त्यात लबाडी आहे असे त्यांना वाटलेच नव्हते. फक्त मला सांगायचे नाही, एवढे ठरले होते, कारण बाई नाव काढून टाकतील.

मी डॉक्टरांकडे धावले. तरुण होते, रात्रपाळी करून थकलेले. गोळीचे नाव ऐकताच त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"कोणी सांगितले का नाही? सकाळपासून मी हिला सलाइन देतो आहे, शिळ्या अन्नाचे समजून!"

"आता कळले ना? द्या औषध."

"ह्याला उतारा नाही, बाई. हृदय धरून ठेवता आले तर बघतो." मग त्यांनी विचारले, "त्या गोळीतले काही हिने घरी आणले आहे का?"

तो विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पारूला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. एकच खोली, झड आत येऊ नये म्हणून दाराला गोणपाट लावलेले. मोरीजवळ तुपाचा रिकामा डबा, निम्मा भरलेला, पांढऱ्या मऊ भुकटीने. शेजारी फळीवर ओळीने भांडी. आयुष्यात इतकी लखलखीत पितळी भांडी मी पाहिली नाहीत. आदल्या संध्याकाळी सखूने दाराचे गोणपाट खाली सोडून, त्या कोंडलेल्या खोलीत बसून, ओल्या हाताने ती घासली होती. सासू गोठ्यात होती आणि पारू अजून शेतात, म्हणून त्या वाचल्या.

"चांगली राख गावली म्हणून खुशीत हुती," सासू म्हणाली. "चुलीच्या राखंला येवढी चमक न्हाय म्हणाली."

मी श्वास रोखून डबा बाहेर नेला, त्यांना खोलीबाहेर काढले, खड्डा खणवला. डोक्यात एकच वाक्य फिरत होते, की हे मी शिकवले आहे. हे नेमके मी शिकवले आहे. तीन वेळा 'न्हाय' म्हणवून घेतले आहे. पण पारूकडून.

वखारीत परतले ती सरळ गंगाक्कापुढे उभी राहिले.

"तुला माहीत होते?"

"काय?"

"एका नावावर दुसरी येते ते."

"व्हय." तिला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "बाई, तुम्ही नावं लिवतासा. मी माणसं मोजतो. बावीस पायजेत, बावीस घेतो. कमी कधी पडू दिलं न्हाय तुमास्नी."

"आज आत असलेल्यांपैकी माझ्यापुढे अंगणात बसलेल्या किती?"

तिने बोटांवर मोजले. ओठ हलत राहिले, मग थांबले. "निम्म्या असतील," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिचाही चेहरा उतरला.

मी सगळ्यांना बाहेर बोलावले. नाव विचारले नाही. एकेकीला एकच प्रश्न विचारला: वखारीतली पांढरी भुकटी कशाची? ज्या शिकल्या होत्या त्या घडाघडा बोलल्या. बाकीच्या म्हणाल्या, "राख न्हवं का?" एक पोरगी, दोन पावसाळे येत असलेली, म्हणाली, "गोळ्या जाळत असतील, त्याची राख." दोघींनी घरी नेल्याचे कबूल केले. एकीने रांगोळीत मिसळायला ठेवली होती. त्या दुपारी मी आणि गंगाक्का दोन घरे फिरलो. तिथे अजून कोणी भुकटीला पाणी लावले नव्हते. केवळ नशीब.

संध्याकाळी दवाखान्यात गेले तेव्हा सखू जागी होती. शुद्धीत होती, बोलत होती, आणि म्हणून मला वाटले वाचेल. ह्या विषात माणूस शेवटपर्यंत शुद्धीत असतो, हे मला माहीत नव्हते. माहितीपत्रकात नव्हते.

"तुम्ही वखारीतल्या बाई न्हवं?" तिने विचारले. "आक्काचं नाव काडशीला व्हय?"

आक्का म्हणजे पारू. श्वासासाठी थांबत थांबत ती एवढेच विचारत होती.

"नाही काढणार," मी म्हणाले.

"सांगितलासा बगा. घरचं त्येच एक नाव हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

अण्णा वाईट माणूस नव्हते. लाकडे त्यांनी पाठवली, स्वतः स्मशानात जाऊन उभे राहिले. पण परत आल्यावर माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाले, "बाई, लई वाईट झालं. पण ती आपली बाई न्हवं. रजिस्टरात हाय का? न्हाय. मग संपलं."

मी रजिस्टर उघडले. खरेच नव्हती. माझ्या लाल शाईच्या त्या नेटक्या पानांवर सखू कधी वखारीत आलीच नव्हती. जिला शिकवले ती जिवंत, जी मेली तिला शिकवायची जबाबदारी कोणाची नाही.  इतका पक्का पुरावा मी अण्णांना स्वतःच्या हाताने तयार करून दिला होता.

डॉक्टरांनी वर कळवले असावे, कारण आठवड्याभरात इन्स्पेक्टर आले. धारवाडकडचे, कानडी बोलणारे, सभ्य गृहस्थ. त्यांनी पानन् पान पाहिले. मेलेल्या बाईचे नाव कागदावर आणले होते, ते शोधले. सापडले नाही. अंगठ्यांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "भाळ छलो अद, मेडम." फार छान आहे. इतके नीट रजिस्टर त्यांनी जिल्ह्यात पाहिले नव्हते म्हणे. अण्णांनी चहा मागवला.

अंगणात बायका ताडपत्री झाडत होत्या. पारूही होती, तेरावे झाले नव्हते तरी आली होती, कारण ते एक नाव गमावून चालणार नव्हते.

इन्स्पेक्टरांनी रजिस्टर मिटले. मी म्हणाले, "साहेब, ती बाई इथे कामाला होती."

अण्णांचा चहाचा हात थांबला. इन्स्पेक्टरांनी मराठीत विचारले, "कोणाच्या नावावर?"

 उत्तर जिभेवर होते. पण मी मरणाऱ्या मुलीला शब्द दिला होता, आणि ते नाव उच्चारले की त्या घराची चूल थंड. उच्चारले नाही तर सखू शिळे खाऊन मेलेली. त्यांनी पुन्हा विचारले. मी तशीच उभी. आयुष्यभर सगळ्यांची उत्तरे तपासलेली बाई.

खिडकीबाहेर ताडपत्रीची सळसळ थांबली.

"माझ्या," पारू म्हणाली. ती खिडकीशी आली होती. "माझ्या नावावर आलती. मला ठावं हुतं ती राख न्हवं. हिला सांगायचं ऱ्हायलं माझ्याकडनं. भांगलणीच्या घाईत. लिवा, सायेब."

इन्स्पेक्टरांनी लिहिले. मी इंग्रजीत माझे निवेदन दिले, सही केली. पुढे खटला झाला, तडजोड झाली, ते सगळे कागदोपत्री आहे आणि मला त्यात रस उरला नव्हता. अण्णांनी त्या आठवड्यात पारूचे नाव काढले, आणि आणखी ज्यांचे उघड झाले त्यांचेही. मी दिलेला शब्द मोडला गेला, आणि माझी नोकरी मात्र राहिली. सोडायला हवी होती, असे तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला पुष्कळदा म्हटले आहे.

पुढच्या पावसाळ्याआधी अण्णांनी नेहमीप्रमाणे माहितीपत्रक माझ्यापुढे सरकवले. मी म्हणाले, "मी नावांना शिकवणार नाही. ज्या घरातल्या बायका येऊ शकतात, त्या घरच्या सगळ्या बायका अंगणात आणा. काढलेल्या घरच्याही. नाहीतर दुसरे कोणी शोधा." त्यांनी माहितीपत्रक परत ओढले, पुन्हा सरकवले. मग, गावात दुसरे इंग्रजी येणारे स्वस्त माणूस नाही हे आठवून असेल, म्हणाले, "बोलवा."

गंगाक्का गल्लोगल्ली सांगून आली. त्या सकाळी मी वखारीच्या पायरीवर आले. अंगण भरले होते. भिंतीला टेकून म्हाताऱ्या, कडेवर पोरे घेतलेल्या सुना, परकर-पोलक्यातल्या मुली, जागा न मिळाल्याने फाटकाबाहेर उभ्या असलेल्या. माझ्या रजिस्टरात पावसाळ्यापुरत्या बायकांची बावीस नावे होती. मी मोजू लागले. साठाच्या पुढे गेल्यावर मोजणे सोडले. ह्यातल्या कितीजणी गेली चार वर्षे ताडपत्रीखाली शिरून, काही न कळता, सुखरूप घरी गेल्या होत्या? आजही हा आकडा मला माहीत नाही.

पहिल्या ओळीत पारू होती. येईल असे मला वाटले नव्हते. शेजारी तिने सासूला आणून बसवले होते. मी माहितीपत्रक उलगडले, पुन्हा घडी घातली. 

"बोला की बाई," पारू म्हणाली. "आमच्या म्हातारीला जरा कमी ऐकू येतं. मोठ्यानं सांगा."